चार आण्यांची कोंबडी

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण बहुधा एखाद्या गॅरेजच्या दारातच जन्मली असावी, असा संशय मला अलीकडे येऊ लागला आहे. माझी मारुती ८००, सन २००८ ची. रेडिएटर, हेडगॅस्केट, क्लचप्लेट आणि पुढचे ब्रेक मिळून मेस्त्रींनी २८,००० रुपयांचा अंदाज सांगितला. आणि त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने सबंध गाडीला ३०,००० देऊ केले. तेव्हापासून स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजीबाजारात, जो भेटेल तो मला ही म्हण ऐकवतो. म्हण उत्तम आहे. फक्त ती मोटारीला लागू पडत नाही, असे माझे नम्र मत आहे.

कोंबडी एकदा शिजली की संपते. मोटारीची जात म्हशीची. आजारी म्हशीवर खर्च करताना शेतकरी केवळ तिचा बाजारभाव पाहत नाही. बरी झाल्यावर ती किती दूध देईल, किती दिवस देईल, आणि तिच्या जागी दुसरी बांधायची तर काय पडेल, हे तो आधी पाहतो. बाजारभाव हा विकणाऱ्याचा प्रश्न आहे. ज्याला गाडी वापरायची आहे त्याचा प्रश्न वेगळा: एक वर्ष निर्धास्तपणे फिरायला मला काय खर्च येतो?

हा हिशेब जुन्या गाडीच्या पारड्यात शक्य तितके वजन टाकून करू. दुरुस्तीनंतर ती दोनच वर्षे चालली असे धरले, तर दुरुस्तीचे वर्षाला १४,००० झाले. ऑइल, टायर, किरकोळ कामे यांचे १२,०००. आज मिळणारे ३०,००० रुपये दोन वर्षांत पूर्णपणे बुडाले असे मानून आणखी १५,०००. एकूण ४१,०००. आता समजा, पाच लाखांची नवी गाडी घेतली व त्यासाठी साडेतीन लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. हप्ता सुमारे ७,२६५ रुपये बसतो आणि पाच वर्षांत जवळजवळ ८६,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात. पाच वर्षांनी गाडीचे निम्मे पैसे परत आले, तरी घसारा व व्याज मिळून वर्षाला ६७,००० होतात. तिचा विमा आणि सर्व्हिसिंग मी धरलेलेच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून स्नेह्यांचा आग्रह वाढला आहे. पण सुट्या भागांनाही त्याच दिवसापासून सरसकट १८ टक्के दर लागू झाला, हे ते सांगत नाहीत.

शिवाय ही गाडी अनाथ नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तेच ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीलाही होते. त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि ते बसवणारे हातही मिळतात.

इथवर वाचून मी ‘जुने ते सोने’ या पंथाचा आहे असे कोणी समजू नये. सोने गंजत नाही. मोटार गंजते, आणि माझ्या मते सगळा निकाल तेथेच लागतो.

इंजिन, क्लच, ब्रेक हे सारे बदलता येते. पत्र्याचे तसे नाही. ट्रकला स्वतंत्र चासी असते. छोट्या मोटारीला ती नसते. तिचे तळ, दाराखालच्या पट्ट्या आणि खांब हेच तिचे हाड असते. बेळगावचा चार महिन्यांचा पाऊस, रस्त्यांवरचा चिखल आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्याच्या खाऱ्या हवेत केलेल्या फेऱ्या हे हाड आतून पोखरतात. वरून पुट्टी भरून रंग मारला आणि खालून डांबरी लेप दिला की गाडी नवरीसारखी सजते, पण पोखरलेले ते पोखरलेलेच राहते. म्हणून अंदाजपत्रक मागण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवावी. जॅक लावण्याची जागा, दाराखालच्या पट्ट्या, पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठका आणि मागच्या सस्पेंशनचे सांधे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावेत. टोक पत्र्यात शिरले, तर इंजिन कितीही गोड चालत असो, त्यावर पैसा घालू नये. माझ्या गाडीत ते शिरले नाही, म्हणून मी दुरुस्तीला होकार दिला. शिरले असते तर २८,००० काय, ८,००० सुद्धा मी घातले नसते.

दुसरी गोष्ट हिशेबाच्या पलीकडची आहे. साडेसहाशे किलोंच्या आसपास वजनाच्या या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या आसनासाठी जानेवारी २०२२ पासून सर्व गाड्यांना. हे कायदे हौसेखातर झालेले नाहीत. ज्याला रोज बायकामुलांना घेऊन पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रकांच्या रांगेतून जायचे आहे, त्याने माझे वरचे गणित फाडून टाकावे. वर्षाला वाचणारे २६,००० रुपये ही त्या जोखमीची किंमत होऊ शकत नाही. मी गाडी गावात, दिवसाकाठी आठ-दहा किलोमीटर, टिळकवाडी ते कॉलेज अशी चालवतो. कोल्हापूर-हुबळीला जायचे झाले तर बस आहे, रेल्वे आहे.

धुराचा आक्षेपही खरा आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्या कितीतरी स्वच्छ आहेत. परंतु नवी गाडी घडवतानाही पोलाद वितळते, वीज जळते. जो थोडेच फिरतो त्याने नीट ट्यून केलेली जुनी गाडी आणखी दोन वर्षे वापरली तर मोठे पाप होत नाही. जो रोज पन्नास किलोमीटर फिरतो त्याने बदलावी.

एक गोष्ट मात्र या चर्चेत कोणीच काढत नाही. “काढून टाका” असा सल्ला देणारे गाडी कोणाच्या गळ्यात मारायची, हे सांगत नाहीत. तीस हजारांची गाडी श्रीमंत माणूस घेत नाही. ती घेतो खानापूर-चंदगडकडचा पहिल्या नोकरीचा मुलगा, किंवा वर्गणी काढून गोव्याला जाऊ पाहणारे आपलेच चार विद्यार्थी. जी गाडी माझ्या मुलांना धोक्याची, ती पुट्टी भरून त्यांच्या हाती देणे हा व्यवहार असेल, शहाणपण नव्हे. गंजलेल्या गाडीची जागा नोंदणीकृत मोडणी केंद्रात आहे. तेथे दाखला मिळतो, आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना २०२१ च्या नियमांनी दिली आहे.

राहता राहिली लाज. “प्राध्यापक असून अजून हीच गाडी?” या प्रश्नात दुरुस्ती म्हणजे गरिबी असे गृहीत धरलेले असते. पण या गावाला तरी ते शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये आपल्या भावासह याच बेळगावात काढलेले दुकान सायकली विकण्याचे आणि दुरुस्तीचे होते. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ही पुढची गोष्ट. उघडून पाहण्याची सवय लागली की घडवण्याची हिंमत येते.

२०२८ मध्ये माझी गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. म्हणजे तेव्हा पुन्हा हिशेब मांडावा लागेल, आणि तो वेगळा येऊ शकेल. त्याचे मला दुःख नाही. मात्र आमच्या विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगणे आहे, की स्वस्त गाडी घ्यायला निघालात तर रंग आणि टेपरेकॉर्डर नंतर पाहा. आधी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढा आणि गाडीखाली वाका.