हसा, पण तारखेचा हिशेब ठेवा



मार्च २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘मामला लीगल है’ ही हिंदी मालिका आली. दिल्लीच्या पटपडगंजचे खालचे कोर्ट, तिथले एकापेक्षा एक तऱ्हेवाईक वकील आणि त्यांचा म्होरक्या त्यागी, म्हणजे रविकिशन. वकील संघाचे राजकारण, अशील पटकावण्याची धडपड, आणि परदेशात शिकून गरिबांना न्याय द्यायला आलेली एक तरुण वकील. गावोगावी पोरांनी ती मोबाइलवर पाहिली. आम्हीही पाहिली आणि पोट धरून हसलो.

हे हसणे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या मनात काळ्या कोटाची धास्ती फार. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपण आजोबांपासून ऐकतो. पण या म्हणीचा फायदा कोणाला होतो? दरसाल नांगराचे एक तास आपल्या रानात सरकवणाऱ्या शेजाऱ्याला. बहिणीला वाटणी न देणाऱ्या भावाला. समोरचा ‘शहाणा’ आहे, पायरी चढणार नाही, याची त्याला खात्री असते. मालिकेतला वकील आपल्यासारखाच घाबरतो, चुकतो, थापा मारतो. ते पाहून धास्ती थोडी कमी होत असेल, तर बरेच झाले.

तक्रार वेगळीच आहे. मालिका वकिलांची आहे. कोर्ट ही त्यांची धंद्याची जागा. आज काम झाले नाही तर ते उद्या पुन्हा तिथेच येणार. पक्षकार मात्र पाहुण्यासारखा येतो, हसवतो आणि जातो. घरी गेल्यावर त्याचे काय झाले, ते कोणी दाखवत नाही.

ते आम्ही सांगतो. उदगीर असो की देगलूर, औसा असो की कंधार, गोष्ट एकच. ऑक्टोबर महिना, सोयाबीन कापून रानात पडलेले, आभाळ भरून आलेले आणि त्याच दिवशी तारीख. गडी पाहायचा, पहाटेची एसटी धरायची, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन पुकाऱ्याची वाट पाहायची. दुपारी कळते, साहेब रजेवर आहेत, किंवा समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख घेऊन घरी यावे, तर सोयाबीन भिजलेले. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटात एका बाईचे प्रकरण पुढे ढकलले जाते, कारण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातलेला असतो. प्रेक्षक हसतात. त्या बाईचा दिवस गेला, तो कोणाच्या खात्यावर मांडायचा?

शेतीमालाचा उत्पादनखर्च काढायला आपण शिकलो. तारखेचा खर्च काढायला अजून शिकलो नाही. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, झेरॉक्स, टायपिंग, वकिलाची फी, भिजलेला माल. बांधाच्या दाव्यात हा खर्च कधी कधी त्या पट्टीच्या किमतीच्या पुढे जातो. मग माणूस हरत नाही, थकतो. आणि अतिक्रमण करणारा त्याचीच वाट पाहत असतो.

हा लेख वकिलांना शिव्या घालण्यासाठी नाही. त्यांच्यातही आपलीच पोरे आहेत आणि न्यायाधीशांसमोर फायलींचा ढीग आहे. पण कायद्यात जे आपल्यासाठी लिहिले आहे, ते तरी आपल्याला माहीत हवे. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीप्रमाणे १ जुलै २००२ पासून दाव्याच्या सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, आणि तहकुबीचा खर्च बसवावा, असा नियम आहे. अपवादाला वाट आहे. पण आपल्याकडे अपवादाचाच नियम झाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्याच कलमात पूर, दुष्काळ आणि भूकंप यांचे बळीही आहेत. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आणि दुष्काळ पाचवीला पुजलेल्या मुलखात हे कलम किती जणांनी वाचले असेल? लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही विचार करून करावी.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. दावा कधी लावला, तारखा किती पडल्या, प्रत्यक्ष काम किती तारखांना झाले, खर्च किती आला. नाव लिहू नका, आकडे लिहा. नांदेड आणि लातूरचे कागद एकत्र करून आपण दोन्ही जिल्ह्यांच्या वकील संघांपुढे आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपुढे ठेवू.

मालिका अवश्य पाहा, मनमोकळे हसा. आणि हसून झाल्यावर तो कागद भरायला बसा.