टाके नसलेलं दुखणं

"काही विशेष नाही गं, ऑपरेशन नको म्हणालेत." माझा नवरा फोनवर माझ्या नणंदेला सांगत होता. मी आतल्या खोलीत सतरंजीवर पालथी पडले होते. डाव्या कुल्ल्यापासून मांडी, पोटरी आणि थेट पायाच्या करंगळीपर्यंत वीज खेळावी तशी कळ जात होती. शिंक येईल या धास्तीने श्वासही बेताने घेत होते. आणि हे काही विशेष नव्हतं, कारण ऑपरेशन नव्हतं.

नवऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बहिणीला धीर द्यायचा होता त्याला. पण त्या एका वाक्याने मला अकरा वर्षांचा हिशेब उलगडला.

पहिल्यांदा कंबर धरली ती २०११ साली, भरलेलं सिलिंडर सरकवताना. त्यात नुसता गॅसच १४.२ किलो, लोखंडासकट तीस किलोच्या घरात जातं ते. सासूबाईंना वाटलं उसण भरली. त्यांनी शेक दिला, निर्गुडीचा पाला बांधला. शेजारच्या काकू तर गल्लीतल्या एका पायाळू मुलाला घेऊन आल्या, कमरेत लाथ मारायला. तो पोरगा बिचारा इतका लाजला की त्याने पाय नुसता टेकवला. आज वाटतं, त्याच्या लाजेनेच मला वाचवलं. दुसऱ्यांदा २०१६ साली आणि तिसऱ्यांदा २०२२ च्या पावसाळ्यात. दर वेळी दुखणं तेच आणि सल्लाही तोच, की ऑपरेशनची घाई नको. माझी तक्रार या सल्ल्याबद्दल नाही. तो बरोबरच होता. तक्रार आहे ती त्याचा आमच्या घरांत लावला जाणारा अर्थ चुकीचा आहे, याबद्दल.

आधी दुखणं काय ते समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या नसेला डिवचतो. म्हणून दुखणं कमरेचं आणि कळ पायात. आपण 'गादी सरकली' म्हणतो खरं, पण अख्खी गादी काही जागची हलत नाही. त्यामुळे चोळून, दाबून किंवा लाथ मारून ती 'बसवता'ही येत नाही. मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३४ साली या दुखण्याचा आणि गादीचा संबंध दाखवून दिला आणि तेव्हापासून ऑपरेशनचा रस्ता रुळला.

पण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषूनही घेतं, आणि पुष्कळदा मोठा तुकडाच जास्त आक्रसतो. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत उतरणीला लागते. हॉलंडमध्ये २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबायला सांगितलं, अगदीच सोसेना तर पुढे ऑपरेशन करू म्हणून. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, हे खरं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर ऑपरेशन करावं लागलं, हेही खरं. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. एम.आर.आय.च्या अहवालात 'गादी फुगली आहे' एवढं वाचूनही हातपाय गाळू नयेत. १९९४ साली अमेरिकेत ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ जणांचे एम.आर.आय. काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली निघाली!

तेव्हा न कापता बरं होता येतं. प्रश्न असा, की कोणाच्या जिवावर?

२०११ साली मला डॉक्टरांनी तीन आठवडे पाठ टेकून पडायला सांगितलं. मी चार दिवस पडले. पाचव्या दिवशी मुलाचा डबा होता, सहाव्या दिवशी पाणी आलं नाही म्हणून हंडे होते. २०१६ साली दुखणं उलटलं तेव्हा सगळ्यांनी, मीसुद्धा, एकच निदान केलं की हिने तेव्हा विश्रांती घेतली नाही. कितीतरी दिवस तो अपराध मी मनात बाळगला. पुढे कळलं, की अशा कळीत दोन आठवडे अंथरुणावर पडून राहण्याने काही जास्त फायदा होत नाही, असं १९९९ सालीच एका चाचणीत दिसून आलं होतं. आता डॉक्टर म्हणतात, दोनेक दिवस पडा, मग सोसेल तेवढं चालत-फिरत राहा.

हे मी घरी सांगितलं मात्र, सगळ्यांचे चेहरे उजळले. "मग ऊठ की! डॉक्टरच म्हणतायत हालचाल करा म्हणून."

चालत-फिरत राहा म्हणजे दहा मिनिटं हात मोकळे सोडून सपाट रस्त्याने चाला, उद्या बारा मिनिटं, पुढच्या आठवड्यात वीस. बादली उचलून गच्चीवर जा असा त्याचा अर्थ नव्हे. बाईची हालचाल म्हटली की घराला फक्त काम दिसतं. आणि माझी फिजिओथेरपिस्ट तर आणखी एक गोष्ट सांगते. रात्रभर आडवं असताना गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्याउठल्या पहिला तासभर वाकू नका. आता बघा, आपल्या घरांतली सगळी वाकण्याची कामं कुठे कोंबलेली असतात? पहिल्या तासात! केर, सडा, पाणी भरणं, ओट्याखालचे डबे काढणं. वैद्यकशास्त्र आणि मराठी सकाळ यांचं एकमेकांशी कधी बोलणंच झालेलं नाही.

व्यायामाचंही तेच. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, मग हातांवर. पायातली कळ हळूहळू वर सरकत कमरेकडे माघारी आली तर तो व्यायाम मानवतो आहे, खाली उतरली तर थांबायचं. (हे ज्याचं त्याला तपासूनच ठरवावं लागतं. माझा व्यायाम तुम्ही करू नका.) फी जवळजवळ नाही, यंत्र नाही. लागतो तो वेळ, दिवसातून तीनचार वेळा दहा मिनिटं. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं आढळलं. या २९९ मधून माझी चाळीस काढून घ्यायची म्हटलं तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी ९७ मध्ये जायला हवीत. हे औषधाच्या चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही.

पोळ्या लाटून गादी फाटते असं मी म्हणत नाही. हे दुखणं पुरुषांनाही भरपूर होतं. गादी झिजण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसलं आहे. पण दुखणं झाल्यावर ते कसं भरून येतं, यात बाईच्या आणि पुरुषाच्या वाट्याला फार वेगळं घर येतं.

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण मला म्हणाली होती, "माझं तर ऑपरेशनच होऊ दे. सहा आठवडे कोणी भाकरी तरी मागणार नाही." ऐकून मी हसले, मग हसू आलं नाही. टाके पडले की जावा डबे घेऊन येतात, माहेरहून आई येते, नवरा रजा टाकतो. टाके नसले की तुमच्या शब्दावर सगळं. नको असलेलं ऑपरेशन बाईला विश्रांतीचा परवाना म्हणून हवंसं वाटावं, ही आपल्या घरांची केवढी नाचक्की!

आणि जिथे खरंच ऑपरेशन हवं तिथे बाई बोलत नाही. लघवी अडली, किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा, बधिर झाला, किंवा पाऊल उचलेनासं होऊन लुळं पडत चाललं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी. तिथे वाट बघणं म्हणजे कायमचं अपंगत्व ओढवून घेणं. पण ही सगळी लक्षणं 'त्या' जागेची. नवऱ्याला सांगायला संकोच, तरुण डॉक्टरला सांगायला त्याहून जास्त. मुलं झाल्यावर लघवीचं असं होतंच, म्हणून आपणच आपली समजूत काढतो. मैत्रिणींनो, या बाबतीत लाजू नका, आणि घरातल्या मुलीसुनांनाही आजच सांगून ठेवा.

तिसऱ्या खेपेला मी घरात भांडले. सरळच सांगते, समजावून काही झालं नाही, भांडल्यावर झालं. पहिल्या तासातली वाकण्याची कामं नवऱ्याने आणि मुलाने वाटून घेतली. पहिल्या महिन्यात केर तसाच राहायचा, मी न बघायला शिकले. तेच सर्वांत अवघड गेलं. सिलिंडर मी हलवत नाही. धुण्याला मावशी लावल्या, आणि तिथे माझीच मला लाज वाटली. माझं वाकणं मी त्यांच्या कमरेवर टाकलं होतं. त्यांचीही कंबर दुखते, चार घरी खाली बसून धुतात त्या. त्यांना 'वजन उचलू नका' असं सांगणारा डॉक्टर त्यांची बुडालेली मजुरी देणार आहे का? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं तर बोलायलाच नको. तिथे नवराबायको मिळून एक कोयता आणि एक दिवस खाडा पडला की दंड.

आम्ही मावशींना भरपगारी सुट्ट्या ठरवून दिल्या आणि मागच्या अंगणातला धुण्याचा दगड काढून कमरेएवढा कट्टा बांधून घेतला. दोन दिवसांचं गवंडीकाम, फार खर्चही आला नाही. अकरा वर्षांत हे मला सुचलं का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मावशी आता उभ्याने धुतात. रविवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा नवरा धुतो. तो उंच असल्यामुळे त्याला कट्टा बुटका पडतो आणि कंबर दुखते, अशी त्याची तक्रार आहे. दोन विटा वाढवायच्या की त्याच्यासाठी परातीखाली पाट ठेवायचा, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.