आमटी खारट झाली तर?

भगिनींनो, सुगीचे दिवस आले की घरात दहा-बारा माणसांचा स्वयंपाक पडतो. एक डोळा चुलीवर, एक शेताच्या वाटेवर. अशा धांदलीत सासूबाईंनी मीठ घातल्याचे सुनेला ठाऊक नसते; ती पुन्हा घालते. पहिल्या घासालाच हात थांबतात आणि बोलणी बसतात ती धाकटीला. कधी सगळी आमटी उकिरड्यावर जाते. डाळ, तेल, मसाला, सरपण आणि बाईमाणसाचे श्रम, सारे वाया. खरे तर बहुतेक पदार्थ सुधारता येतात. कसे, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. विरघळलेले मीठ पदार्थातून वेचून काढता येत नाही. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळे सांगायला नको. कालव्याखालच्या जमिनीला पाणी जादा दिले आणि निचरा ठेवला नाही, की जमीन खारवते. मग चर काढून, गोडे पाणी देऊन ते क्षार धुऊन बाहेर न्यावे लागतात. भांड्यातही तोच न्याय. खरे उपाय दोनच : खारट रस काढून टाकणे, नाहीतर अळणी जिन्नस वाढवणे.

बटाटा किंवा कणकेचा गोळा टाकला की तो मीठ ओढून घेतो, असे सर्रास सांगितले जाते. तो मीठ घेतो हे खरे, पण भोवतालच्या रसाइतका खारट झाला की थांबतो. दोन लिटर आमटीत १०० ग्रॅमचा बटाटा टाकला तर विसाव्या हिश्श्याइतकाही फरक पडत नाही. मात्र तीन-चार बटाटे फोडी करून शिजवले आणि भाजीतच ठेवून खाल्ले तर उपयोग होतो, कारण पदार्थ वाढला. गुण बटाट्याचा नाही, भर घातल्याचा आहे.

हिशेब सोपा आहे. मीठ दीडपट पडले असेल तर पदार्थ निम्म्याने वाढवावा. दुप्पट पडले असेल तर दुप्पट करावा. एवढी माणसे जेवायला नसतील तर खारट आमटीतली अर्धी आधीच काढून ठेवावी आणि उरलेल्या अर्धीत भर घालावी. काढलेली आमटी संध्याकाळी अळणी डाळ शिजवून तिच्यात फोडणीसारखी वापरावी. उन्हाळ्यात ती फार वेळ ठेवू नये. वापरताना चांगली उकळून घ्यावी.

आता एकेक पदार्थ घेऊ.

वरण-आमटी : नुसते पाणी ओतल्यास आमटी पाणचट होते. तुरीची अळणी डाळ शिजवून, घोटून गरम पाण्याबरोबर घालावी. डाळ नसेल तर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट चालते. येसर लावायचे असल्यास त्यात आधीच मीठ नाही ना, हे चाखून पाहावे.

पिठले : तयार पिठल्यात कोरडे बेसन टाकू नये, गुठळ्या होतात. दुसऱ्या भांड्यात बेसन पाण्यात कालवून अळणी शिजवावे आणि मग दोन्ही एकत्र करावे.

पालेभाजी : मेथी, चवळई, अंबाडी शिजली की मूठभर होते. हिरव्या ढिगाकडे पाहून मीठ घातले की फसगत ठरलेली. सुटलेले पाणी काढून टाकावे आणि भिजवून वाफवलेली मूगडाळ किंवा भाजलेले बेसन मिसळावे.

उसळ : रस गाळून बाजूला ठेवावा. मटकी गरम पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणीही काढावे आणि कांदा-लसणाची नवी फोडणी द्यावी.

ठेचा : भाजलेले शेंगदाणे व लसूण घालून पुन्हा कुटावा.

लोणचे : यात पाणी कधीही घालू नये, बुरशी येते. लिंबाचा रस किंवा पुसून कोरड्या केलेल्या कैरीच्या फोडी घालाव्यात.

शिवाय आपली ज्वारी-बाजरीची भाकरी मुळात अळणी. थोडीच खारट झालेली आमटी भाकरी कुस्करून खाल्ली तर निभावून जाते.

लिंबू, चिंच, गूळ यांनी खारटपणा जिभेला कमी लागतो, पण मीठ आहे तेवढेच पोटात जाते. धडधाकट माणसाला एखाद्या दिवशी त्याने काही होत नाही. घरात ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांना मात्र अशी झाकलेली आमटी वाढू नये. खारट लागली असती तर त्यांनी वाटी सरकवली असती. आंबटगोड केल्यामुळे ते दोन वाट्या पितील. त्यांच्यासाठी वेगळे अळणी वरण काढावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही, आणि त्यात पापड, लोणचे, ठेचा सगळे आले.

खारट अन्न कोंबड्यांपुढेही टाकू नये. जादा मीठ कोंबड्यांना, विशेषतः पिलांना, विषासारखे बाधते.

चूक टाळण्याची युक्ती बिनपैशाची आहे. मीठ घालण्याचे काम एकाच हाताकडे असावे. सप्ताहाच्या पंगतीला किंवा लग्नाच्या स्वयंपाकाला तर तो माणूस आधीच ठरवावा. खडेमीठ सोडून पुडीचे बारीक मीठ आणले असेल तर हात आखडता घ्यावा. बारीक मीठ दाटून बसते, त्यामुळे त्याच चमच्यात वजनाने जास्त मावते. पालेभाजीला मीठ ती बसल्यावर घालावे आणि रस्सा आटवायचा असेल तर आटल्यावर. कमी पडलेले मीठ ताटातही घेता येते. जादा पडले की एवढा खटाटोप करावा लागतो.

आणि पुरुष मंडळींना एक विनंती. आमटी खारट लागली तर ताट सरकवू नका. शांतपणे सांगा आणि डाळ शिजेपर्यंत कांदा-भाकरी खा. नांगरट बिघडली म्हणून आपण शेत टाकून देत नाही.