रिकामा रॉड

जिममध्ये दोन्ही टोकांना प्लेटा अडकवायची जी लांब लोखंडी दांडी असते, ती ऑलिंपिक मापाची असेल तर रिकामीच २० किलो भरते. तिथे सगळे तिला रॉड म्हणतात. नव्याने आलेल्या माणसाला हे वजन सहसा कुणी सांगत नाही. शेजारी कॉलेजचा मुलगा त्याच रॉडवर प्लेटांवर प्लेटा चढवत असतो, त्यामुळे रिकामा रॉड म्हणजे काहीच नाही, असा नवख्याचा समज होतो. तो वाकतो, एका झटक्यात उचलायला जातो आणि कमरेत लचक भरते. मग चार दिवस शेक, पंधरा दिवस विश्रांती, आणि वर्षाची भरलेली फी वाया. असे कितीतरी लोक मला सोलापुरात भेटले आहेत. "आपल्याला काही जिम मानवत नाही," असं ते सांगतात. मला मात्र वाटतं, त्यांना सुरुवात कुणी करूनच दिली नाही.

मी पन्नाशी ओलांडल्यावर जुळे सोलापुरातल्या एका जिममध्ये जायला लागले. बारीक व्हायचं म्हणून गेले नाही. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो, आणि पाळी थांबल्यावर बाईची हाडंही झपाट्याने विरळ होऊ लागतात. हे वाचलं होतं, पण त्याआधी घरातच पाहिलं होतं. आमच्या आया-मावश्या सत्तरीत जमिनीवरून उठताना आधी भिंत शोधतात. सकाळी पार्क स्टेडियमवर चालायला येणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. चालण्याने दम वाढतो, साखर आटोक्यात राहते. मांड्यांची आणि पाठीची ताकद टिकवायची तर मात्र स्नायूंवर ओझं पडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ज्या सूचना दिल्या, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच, निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करा, असंही सांगितलं आहे. यातला पहिला भाग आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. दुसरा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आमचा ट्रेनर शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, यंत्रमागावर राबलेल्या कुटुंबातला मुलगा आहे. पहिल्या दिवशी त्याने माझ्या हातात वजन दिलंच नाही. मागे एक बाक ठेवला आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यावर बसायचं, आणि हात न टेकता उठायचं." बसताना काही वाटलं नाही. उठताना गुडघे एकमेकांकडे वळले, अंगठ्यांनी बुटाचा तळ घट्ट धरला, आणि श्वास कधी रोखला गेला ते कळलंही नाही. तो वाकून माझ्या पायांकडे बघत होता. "टाचा उचलायल्यात बघा. टाचेवर भार द्या. उठताना श्वास सोडा." पुन्हा बसले, पुन्हा उठले. टाचेवर भार गेल्याबरोबर मांडीच्या मागचा भाग जागा झाल्याचं स्पष्ट जाणवलं, आणि उठणं सोपं झालं. श्वासाचं त्याने त्या दिवशी अनेकदा सांगितलं, कारण ओझं उचलताना दम कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. माझ्या वयाच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं. रॉडच्या आधी काही दिवस हातात लाकडी काठी होती. वाकायचं कसं, पाठ सरळ ठेवून कंबर मागे कशी न्यायची, हे त्या काठीवरच शिकले.

काठी आणि तोल ही जोडी सोलापूरकराला परकी नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त ते पेलत अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. त्यासाठीचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो. एवढी उंच काठी उभी धरून चालायची, तर नुसता दांडगा माणूस कामाचा नाही. काठी कुठे झुकते आहे ते पायांना आणि कमरेला आधी कळावं लागतं, आणि ते सरावाशिवाय कळत नाही. सोबतीला माणसं असतात, आळीपाळी असते, नव्याला एकटं सोडत नाहीत. हे शहर दरवर्षी ही शिस्त डोळ्यांसमोर बघतं, आणि तरीही जिममध्ये पहिल्याच आठवड्यात किती उचललं ते विचारतं, याचं मला नवल वाटतं.

तालमीतही तीच रीत. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावं आजही सोलापुरात पत्ता सांगायला चालतात. कुठल्याही तालमीत नव्या पोराला आधी हौद्यातली माती खणायला लावत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती माती खोऱ्याने वरखाली करता करता खांदे तयार होत, आणि मगच वस्ताद डावाला हात लावू देई. यंत्रं आणि वजनं विरुद्ध आपला व्यायाम हा वादही नवा नाही. वजनांच्या व्यायामासाठी जगभर गाजलेला सँडो १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी पुढे सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, त्यांनीही त्याआधी काही वर्षं सँडोच्याच साधनांवर मेहनत केली होती. मी तालमीचं गुणगान ऐकत वाढले. पण माझ्यासारखीला तालमीचं दार उघडं नव्हतं. आमच्या जिममधल्या दुपारच्या बायकांच्या बॅचचं मोल मला म्हणून फार वाटतं. कुर्त्याखाली ट्रॅक पँट घालून, घरचा स्वयंपाक आटोपून बायका येतात, आणि तिथे त्यांच्याकडे कुणी रोखून बघत नाही.

खरं म्हणजे ओझं उचलण्याची सोलापूरच्या बाईला कधीच नवलाई नव्हती. इथे नळाला रोज पाणी येत नाही. मधले काही दिवस कोरडे जातात, आणि पाण्याचा दिवस आला की बॅरल, हंडे, बादल्या भरून जिने चढायचे. भरलेला हंडा १५ किलोच्या वरच जातो. आम्ही तो आयुष्यभर पाठ वाकवून उचलला आणि कायम एकाच कडेवर घेतला. ट्रेनरने दोन्ही हातांत सारख्या वजनाचे डंबेल देऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, तेव्हा माझा डावा खांदा काही पावलांतच खाली उतरायला लागला. समोरच्या आरशात ते स्वच्छ दिसत होतं. उजवी बाजू वर्षानुवर्षं राबली होती, डावीला कुणी काम दिलंच नव्हतं. डेडलिफ्ट या व्यायामात जमिनीवरचं वजन पाठ न वाकवता उचलायचं असतं. तो पोरांनी करायचा म्हणून ओळखला जातो. माझं मत विचाराल तर तो सोलापूरच्या प्रत्येक बाईला पाणी भरण्याआधी शिकवायला हवा.

आता दुखण्याविषयी. सुरुवातीला अंग दुखतं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं. त्याच दिवशी ठणकत नाही म्हणून माणूस बेसावध राहतो आणि परवा जिना उतरताना घाबरतो. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे हे होतं असं सांगणारे अजून आहेत, पण ते तर व्यायामानंतर थोड्याच वेळात निघून जातं. सवय नसलेल्या स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि ते दुरुस्त होताना दुखतात. दोन-तीन दिवसांत उतरलं की पुन्हा सुरू करावं. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दाब किंवा चहासारखी काळपट लघवी ही लक्षणं वेगळी. त्यांना अंगदुखी समजून घरी बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते ती बहुतांशी मज्जासंस्थेमुळे, कारण मेंदू असलेल्याच स्नायूंकडून जास्त काम घ्यायला शिकतो. स्नायू भरायला वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश बळकट होतात. जोर आला म्हणून महिन्याभरात वजन दुप्पट करणाऱ्यांचे खांदे धरतात ते यामुळेच.

कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६व्या वर्षी गेला, तेव्हा आमच्याकडच्या कन्नड घरांत चूल पेटली नाही असं म्हणायला हरकत नाही. व्यायामानंतर त्याला अस्वस्थ वाटू लागलं होतं, म्हणून अनेक आयांनी मुलांचं जिम तोडलं. ती भीती मी समजू शकते. तिच्यावर उपाय असा, की चाळिशीनंतर किंवा रक्तदाब, मधुमेह, घरात हृदयविकार असेल तर आधी तपासून घ्यावं, आणि मग ओझं हळूहळू वाढवावं. घरी बसून राहिल्याने हृदय सुरक्षित होत नाही.

खाण्याबद्दल थोडंच सांगते. पावडरचा डबा पहिल्याच दिवशी घ्यायची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी आपल्या जिवाची, पण दोन चमचे चटणीतून पाचेक ग्रॅमच मिळतात आणि तेल बरंच जातं. सोबत डाळ, मटकी, हुलग्याचं माडगं, दही, खाणाऱ्यांना अंडी, एवढं रोज जमवलं तर जमतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या जिमला दुपारी जाऊ नये. चाळीसच्या पुढच्या उन्हात सकाळ गाठावी आणि पाणी सोबत ठेवावं.

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं जाऊन बघावं, आणि नवीन माणसाजवळ कुणी उभं असतं का ते पाहावं. आरसे किती, यंत्रं किती, हे नंतर. पण ज्यांना ही फी परवडतच नाही, त्यांचं काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. दिवसभर सूप मांडीवर घेऊन मान वाकवून बिड्या वळणाऱ्या बायका या शहरात हजारोंनी आहेत, आणि पाठीचा व्यायाम सगळ्यांत जास्त त्यांनाच हवा. बागांमधून आता ओपन जिम उभ्या राहिल्या आहेत. त्या यंत्रांवर आपल्याच शरीराचं वजन पेलायचं असतं, त्यामुळे सुरुवातीला ती बरी. फक्त ती वापरायची कशी हे दाखवणारं तिथे कुणी नसतं, म्हणून मुलं त्यांचे झोके करतात. या शहरात शाळांतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक आहेत, जुने पैलवान आहेत. सकाळी सहा ते सात एका बागेत एक जण मानधनावर उभा राहिला, तरी पूर्व भागातल्या एखाद्या बागेपासून हे काम पुढच्या महिन्यात सुरू करता येईल.