हॉपचा दरवळ आणि 'इंडिया पेल एल'ची दंतकथा

१/ घरी पेल एल तयार करणाऱ्या नवशिक्यांची एक तक्रार नेहमीची असते: हॉप भरपूर घातले, बिअर कडूजहर झाली, सुगंध मात्र आला नाही. या अपयशाचे एक मूळ रसायनात आहे आणि दुसरे इतिहासाच्या एका लोकप्रिय पण सदोष कथेत. हा धागा त्या कथेविषयी.

२/ कथा अशी. अठराव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी बिअर वाटेत नासत असे. लंडनच्या जॉर्ज हॉजसनने तीत मद्यार्क आणि हॉप वाढवून एक नवी बिअर शोधली. तीच 'इंडिया पेल एल'. एक अडचण, एक शोधक, एक उपाय. इतका सुटसुटीत इतिहास तपासूनच घ्यावा.

३/ पुरावा वेगळे सांगतो. पेल एल हॉजसनच्या आधीपासून इंग्लंडमध्ये होती. उष्ण प्रदेशांत पाठवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता. १७८४ मध्ये कलकत्त्याच्या वृत्तपत्रात पेल एलची जाहिरात दिसते. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव मात्र छापील स्वरूपात बरेच उशिरा, १८२९ मध्ये आणि तेही सिडनीच्या वृत्तपत्रात आढळते.

४/ शिवाय त्या काळी हिंदुस्थानात पोर्टर ही काळसर बिअरही मोठ्या प्रमाणावर येत असे. गोरे शिपाई प्रामुख्याने तीच पीत. पेल एल ही अधिकाऱ्यांची आणि मुलकी साहेबांची आवड. म्हणजे समुद्रप्रवास सोसणारी बिअर एकच होती, हे गृहीतकच टिकत नाही.

५/ मग हॉजसनचे कर्तृत्व कोणते? व्यापारी. त्याची बो येथील ब्रूअरी ब्लॅकवॉलच्या जवळ होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तेथे नांगरत. जहाजांच्या कप्तानांना तो दीड वर्षापर्यंत उधारी देई. हे यश पिंपातील मालाइतकेच उधारीच्या वहीचेही होते.

६/ १८२२ मध्ये रशियाच्या आयातकरामुळे बर्टन गावच्या ब्रूअरांची जुनी बाजारपेठ हातची गेली. तेव्हा ऑलसॉप आणि बास हिंदुस्थानच्या व्यापारात उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात हॉपचा कडवटपणा स्वच्छ, नेमका उमटतो. लवकरच त्यांनी हॉजसनच्या वारसांना मागे टाकले.

७/ आता मूळ प्रश्न. हॉप ही एक वेल. तिच्या मादी फुलोऱ्यात ल्युप्युलिन नावाची पिवळी भुकटी असते. तिच्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली राळ. तिच्यातील अल्फा आम्ले तासभर उकळली की त्यांचे रूप पालटते, कडवटपणा येतो आणि बिअर आंबवणाऱ्या अनेक जिवाणूंना अटकाव होतो. प्रवासात बिअर टिकवण्याचे काम या राळेचे.

८/ दुसरी वस्तू सुगंधी तेले: मिरसीन, लिनालूल, जिरॅनिऑल इत्यादी. लिंबू, फुले, पाइन यांची आठवण करून देणारा वास यांचा. ही तेले उडून जाणारी आहेत. तासभर उकळणाऱ्या भांड्यातून येणाऱ्या घमघमाटाने घर भरते. पेल्यात त्यातले फारच थोडे उरते.

९/ मराठी स्वयंपाकघराला हे नवे नाही. खडा मसाला आधी पडतो, कोथिंबीर आमटी उतरवल्यावर. वाळा तर कोणी उकळत नाही. त्याची जुडी माठातल्या गार पाण्यात सोडतात आणि वाट पाहतात.

१०/ एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ब्रूअर नेमके हेच करीत. बिअर पिंपात भरताना वरून सुके हॉप टाकत, पुष्कळदा ईस्ट केंटचे गोल्डिंग. यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. दंतकथेत हॉजसनचे नाव आहे. पिंपात मूठ सोडणाऱ्या कामगाराचे नाही. दरवळाचा इतिहास मात्र त्याच्याच हाताचा आहे.

११/ १८९३ मध्ये होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी दाखवले की या सुक्या हॉपमधील विकरे बिअरमध्ये उरलेल्या पिष्टांशाचे विघटन करतात आणि किण्वन पुन्हा सुरू होते. हे निरीक्षण पुढे विस्मरणात गेले; आजच्या ब्रूअरांना ते शंभराहून अधिक वर्षांनी नव्याने शिकावे लागले.

१२/ मग मुंबई-कलकत्त्याच्या साहेबाला आजच्यासारखा दरवळ मिळत होता का? शक्यता कमी. केपला वळसा घालून येणाऱ्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. त्या अवधीत बिअर मुरत असे आणि ताज्या हॉपचा वास मंदावत असे.

१३/ आजचा दरवळ अमेरिकेतला आहे. ओरेगनमध्ये पैदास झालेला कॅस्केड हॉप १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रसृत झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीने १९७५ मध्ये तो लिबर्टी एलमध्ये वापरला. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या स्वाक्षरीने घरगुती बिअर कायदेशीर झाली. १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पेल एल आली. बाटलीवर 'इंडिया' असले, तरी तिच्या सुगंधाचे श्रेय या वनस्पतिशास्त्रज्ञांना आणि हौशी ब्रूअरांना द्यायला हवे.

१४/ 'दंतकथाच ती, तिने काय बिघडते?' असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे: ती राळ आणि तेल यांची गल्लत करते. 'जास्त हॉप म्हणजे अस्सल' असे शिकलेला माणूस सारे हॉप उकळीत ओततो. त्याला टिकाऊपणाची कृती मिळते. हवा असतो सुगंध.

१५/ इतिहास नीट वाचला तर कृती अशी निघते. कडवटपणापुरते थोडे हॉप आरंभी. मोठा वाटा आच बंद केल्यावर, काढा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला की, वीसेक मिनिटे. उरलेले किण्वन ओसरताना, दोन-तीन दिवस. हॉप ताजे, हवाबंद आणि थंड जागी ठेवलेले हवेत. तयार बिअरला हवा लागू देऊ नये, कारण प्राणवायू सुगंधाचा वैरी आहे.

१६/ आणि प्रमाण? ओरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये कॅस्केडवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ड्राय हॉपिंगचे प्रमाण लिटरला ८ ग्रॅमच्या वर गेल्यावर सुगंधात फारशी भर पडत नाही. उलट लिंबूवर्गीय वास मागे पडून पालापाचोळ्याचा, चहापत्तीसारखा वास पुढे येतो.

१७/ एक नोंद: महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती गुन्हा आहे, घरगुती असली तरी. वरील कृती जेथे कायदा मुभा देतो तेथल्या वाचकांसाठी.

१८/ एका शोधकाची गोष्ट लक्षात ठेवायला सोपी असते. पण हॉपचा इतिहास केव्हा आणि किती गरम, या दोन प्रश्नांभोवती फिरतो, आणि त्यांची उत्तरे नाव न उरलेल्या अनेकांनी पिंपाजवळ उभे राहून शोधली. ती विसरल्याची किंमत आजही भांड्यातून वाफ होऊन जाते. (समाप्त)