पंधरवड्यांतली स्पॅनिश

परदेशीं प्रवासास जावें, तेथें एक खाजगी शिक्षक ठेवावा, व्याकरणाचें पुस्तक घरींच सोडावें, म्हणजे लहान मुलास येते तशी भाषा आपोआप येते, असें एक मत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत हल्ली मोठ्या विश्वासानें बोललें जातें. स्पॅनिशच्या बाबतींत तर त्याला जवळजवळ शास्त्राची प्रतिष्ठा आली आहे. आमच्या मतें या म्हणण्यांत खाजगी शिक्षक एवढाच भाग खरा आहे. बाकी सर्व आळसाचें समर्थन आहे.

या मताचे पुरस्कर्ते बहुधा ग्वातेमालांतील आंतिग्वा शहराचें नांव घेतात. १७७३ च्या भूकंपानें उद्ध्वस्त झालेली ही जुनी राजधानी. चर्चांचे पडके अवशेष अजून उभे आहेत, आणि परकीयांस स्पॅनिश शिकविणें हा गांवाचा एक नांवाजलेला उद्योग होऊन बसला आहे. एका शिक्षिकेसमोर एकच विद्यार्थी, मधें लहानसें मेज, दिवसाचे चार तास, आणि मुक्काम एखाद्या कुटुंबांत, अशी तेथील सर्वसाधारण रीत. रीत उत्तम आहे. वर्गांत इतर मुलांच्या मागें लपतां येतें. येथें लपण्यास जागाच नाहीं. परंतु हिशेब करून पाहावा. आठवड्याचे पांच दिवस धरले तर पंधरवड्याचे तास होतात ४०. अमेरिकेचें परराष्ट्र खातें आपल्या इंग्रजीभाषी अधिकाऱ्यांस स्पॅनिश कामापुरती यावी म्हणून ६०० ते ७५० तासांचें शिक्षण लागतें असें धरतें. आपला प्रवासी त्याच्या पंधराव्या हिश्शांत काम उरकूं पाहतो, आणि तेंही पुस्तकाशिवाय!

लहान मुलाचा दृष्टांत तर मुळींच लागू पडत नाहीं. मुलाला दुसरी भाषा नसते आणि परतीचें तिकीट नसतें. आई, आजी, शेजारीण अशा शिक्षिका त्याला जागेपणाचा सारा वेळ, वर्षानुवर्षें, फुकट लाभतात. इतकें होऊन तीन वर्षांचें मूल जें बोलतें त्याचें आपण कौतुक करतों. पन्नाशीचा गृहस्थ तसेंच बोलूं लागला तर कौतुक करण्यास फी घेतलेली शिक्षिकाच हवी. आणि ती करतेही. मोडकी स्पॅनिश ऐकण्यांत तिचा जन्म गेलेला असतो. विद्यार्थ्यानें वाक्य निम्मेंच उच्चारलें तरी उरलेलें ती मनांत पुरें करून घेते. बसचा वाहक तें करीत नाहीं.

याहून मोठी चूक दुसरीच आहे. प्रौढ माणसाजवळ मुलाजवळ नसलेलें एक भांडवल असतें, तें म्हणजे त्याची स्वतःची भाषा. आपला मराठी विद्यार्थी तें भांडवल मुंबईस ठेवून इंग्रजीच्या उधारीवर स्पॅनिश शिकावयास निघतो. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्यापाशीं इंग्रज विद्यार्थी अडखळतो, कारण येथें आवडणारी वस्तु कर्ता आहे आणि आवड ज्याला आहे तो माणूस चतुर्थींत गेला आहे. पण ‘मला कॉफी आवडते’ यांत निराळें काय आहे? पुस्तकें अनेक झालीं कीं तिकडे ‘गुस्तान’, इकडे ‘आवडतात’. तरी आमचा पदवीधर मनांत आधीं इंग्रजी वाक्य रचतो, आणि मग इंग्रजाच्याच खड्ड्यांत पडतो. ‘किएरो के वेंगा’ म्हणजे ‘त्यानें यावें अशी माझी इच्छा आहे’. ‘येतो’ आणि ‘यावें’ यांतला भेद ज्याच्या घरांत रोज बोलला जातो, त्यानें या क्रियारूपाची धास्ती कां घ्यावी? मेज स्त्रीलिंगी कां, हा प्रश्न तीन लिंगें सांभाळणाऱ्यास पडूं नये. उच्चारांतही तेंच. स्पॅनिशचा त आपल्या ताटांतला आहे. पण इंग्रजीच्या वाटेनें आल्यामुळें आपण ‘ताको’चा ‘टॅको’ करून खातों. सर्वच गोष्टी अशा जुळतात असें नाहीं. भूक आपल्याला ‘लागते’, स्पॅनिश माणसाजवळ ती ‘असते’. परंतु इतकें जें जुळतें तें त्या शिक्षिकेनें सांगावें अशी अपेक्षा करणें चूक आहे, कारण तिला मराठी येत नाहीं. तें काम घरींच, निघण्यापूर्वीं, ज्याचें त्यानें करावयाचें आहे.

मग शिक्षिका कशासाठीं? पुस्तकांत जें सांपडत नाहीं त्यासाठीं. ग्वातेमालांत ‘वोस’, ‘तू’ आणि ‘उस्तेद’ अशीं तीन संबोधनें चालतात. स्पेनच्या पद्धतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘वोस’ला बहुधा जागाच नसते. कोणाला कोणतें वापरावें, कोठें जवळीक आगाऊपणा ठरते, हें आपल्या तू, तुम्ही, आपण यांच्याइतकेंच नाजूक प्रकरण आहे, आणि तें जिवंत माणसाकडूनच समजतें. अशा बाईंस क्रियापदांचे तक्ते घोकून घेण्याच्या कामीं बसविणें म्हणजे वैद्याकडून औषधाची बाटली धुऊन घेण्यासारखें आहे.

आपल्या देशांत हाच व्यवहार एकदां उलट दिशेनें झाला आहे. साहेबांनीं पंडित पदरीं ठेवून मराठी शिकली. वैजनाथ पंडितांच्या साह्यानें कॅरेनें १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण छापलें. १८३१ च्या कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ व कँडी बंधू हीं नांवें आलीं, राबलेल्या पंडितांचीं आलीं नाहींत. त्या अन्यायाबद्दल आपण अजून बोलतों, आणि योग्यच बोलतों. पण त्या साहेबांनीं भाषेचे कष्ट तरी उपसले होते. आमचा प्रवासी कष्टही करीत नाहीं, आणि परत आल्यावर आंतिग्वांतील हॉटेलाचें नांव सांगतो, शिक्षिकेचें त्याला आठवत नाहीं. त्या शहराभोंवतालच्या खेड्यांतून काक्चिकेल ही माया भाषा बोलतात. तेथें जन्मलेल्या कित्येकांनीं स्पॅनिश स्वतः दुसरी भाषा म्हणून शिकलेली असते, आणि ती कशी शिकली, हा त्यांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न आहे. तो विचारण्यापुरतीं क्रियापदें मात्र विमानांत बसण्यापूर्वीं पाठ झालेलीं असावींत.