हौदांतले पाहुणे

शतपथ ब्राह्मणांतील मनूची कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. सकाळीं हात धुण्यासाठीं आणलेल्या पाण्याबरोबर मनूच्या हातीं एक इवलासा मासा आला व त्यानें रक्षणाची याचना केली. मनूनें त्यास आधीं घटांत ठेवलें. घट पुरेना तेव्हां खड्डा खणून त्यांत ठेवलें. आणि तोहि पुरेना तेव्हां समुद्रांत नेऊन सोडलें. पुढें प्रलय आला त्या वेळीं त्याच माशानें मनूची नौका तारली. या कथेचा गूढार्थ पंडितांनीं सांगावा. आम्हांस तिच्यांत एक साधा गृहस्थधर्म दिसतो. जीव पदरीं घेतला म्हणजे त्याला जागा किती लागेल आणि त्याचें खरें घर कोठें आहे, या दोन गोष्टी पाळणाऱ्यानें ओळखल्या पाहिजेत.

हा विषय या महिन्यांत घेण्याचें कारण असें कीं, परसांत लहानसें तळें करून मासे पाळावे अशी इच्छा कित्येक वाचकांनीं आम्हांस कळविली आहे. ज्येष्ठ लागला आहे, आणि पाऊस येण्यापूर्वीं काम उरकावें अशी त्यांची घाई दिसते. एका भगिनींनीं शंका काढली आहे कीं, ज्या घरांत मासे शिजत नाहींत त्या घरांत ते पाळणें विपरीत दिसणार नाहीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. महाडजवळ वाळणकोंड येथें वरदायिनी देवीच्या डोहांतले मोठमोठे महसीर मासे भाविकांनीं टाकलेलें खाद्य घेण्यास कांठाशीं येतात, आणि त्यांना कोणी धरीत नाहीं. पुण्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावांतून पाणी आलें आणि शहरांत जागोजाग हौद झाले. पाणी आणि त्यांतले जीव यांचा शेजार आपल्या लोकांस नवा नाहीं. मध्यंतरीं नळ घरांत आला आणि हौद राखण्याची विद्या तेवढी मागें पडली.

मासे ठेवण्यांत आरोग्याचाहि लाभ आहे. हिवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत वाढतात हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस दाखवून दिलें. पुढें १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या डॉ. बेंटली यांच्या अहवालांत मुंबईच्या हिवतापाचें मूळ घरोघरच्या विहिरींत व टांक्यांत आढळलें, आणि पुष्कळ विहिरी झांकाव्या किंवा बुजवाव्या लागल्या. आपल्या उष्ण हवेंत अंड्यापासून पंख फुटलेला डांस होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ज्या उघड्या हौदांत मासे नाहींत तो डांसांचें सूतिकागृह होतो. ज्यांत मासे आहेत तेथें अंडीं पडतात, परंतु अळ्या वांचत नाहींत. मात्र डेंग्यू पसरविणारा डांस कुंडीखालच्या बशींत, नारळाच्या करवंटींत, फार काय, फ्रिजच्या मागील तबकांतहि वाढतो. तेथें मासा पोंचत नाहीं. तेव्हां हौदांत मासे सोडले तरी आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळण्यांत खंड पडूं देऊं नये.

आतां हौदाकडे वळूं. जागा अशी निवडावी कीं, तेथें पांच-सहा तास ऊन येईल, पण भर दुपारीं थोडी सावली मिळेल. मोठ्या झाडाखालीं हौद करूं नये. पानें पडून कुजतात. सहा फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट खोल असा हौद सामान्य घरास पुरेसा होतो. तो ४८ घनफुटांचा झाला. एका घनफुटांत सुमारें २८ लिटर पाणी मावतें, म्हणजे एकंदर साडेतेराशें लिटरांच्या आंतबाहेर पाणी झालें. ज्यांना परसूं नाहीं त्यांनीं दगडी दोण किंवा सिमेंटचें मोठें कुंड गच्चीवर ठेवावें, परंतु गच्चीला तें ओझें पेलेल कीं नाहीं हें जाणत्याकडून आधीं पाहून घ्यावें. एका लिटर पाण्याचें वजन एक किलो असतें, हें विसरूं नये.

नव्या सिमेंटांतून चुना पाण्यांत उतरतो व तो माशांस घातक होतो. यास्तव हौद भरावा, आठवडाभर ठेवावा, रिता करावा, घांसून धुवावा, आणि असें निदान तीन वेळां करावें. शेवटचें पाणी भरल्यावर प्रथम वनस्पति लावाव्या व मासे आणण्यास आणखी चार-सहा आठवडे थांबावें. हा विलंब निरर्थक नाहीं. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विषारी द्रव्य निघतें. पाण्यांतले कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करतात, आणि हें नायट्रेट वनस्पति खत म्हणून घेतात. या जंतूंची वस्ती जमण्यास वेळ लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून हौद माशांनीं भरूं नये; आरंभीं चार-पांच सोडावे, महिनाभर पाहावें, मग संख्या वाढवावी. याच कारणासाठीं सर्व पाणी एकदम बदलून हौद लख्ख करण्याची हौसहि आवरावी. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें म्हणजे झालें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो. तें उघड्या भांड्यांत दिवसभर ठेवून मग हौदांत घालावें.

वनस्पतींत कुमुद सर्वांत सोयीची. तिचीं पानें पाण्यावर तरंगतात व माशांस सावली देतात. कमळाचीं पानें पाण्याच्या वर उंच येतात आणि त्यास ऊनहि अधिक लागतें. निम्मा पृष्ठभाग पानांनीं झांकला जावा, निम्मा उघडा राहावा. जलपर्णीचें जांभळें फूल कितीहि मोहक दिसो, ती आणूं नये. दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठीं आणलेल्या या वनस्पतीनें आपल्या नद्या व तलाव कसे गुदमरविले आहेत हें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

पाणी जितकें तापतें तितका त्यांतला प्राणवायु कमी होतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, ३० अंशांला सुमारें साडेसात. रात्रीं वनस्पतिहि प्राणवायु घेतात, त्यामुळें पहांटे त्याचा तुटवडा सर्वांत अधिक असतो. सूर्योदयापूर्वीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडझांप करतांना दिसले तर ते भुकेले आहेत असें समजून खाद्य टाकूं नये. ते गुदमरत आहेत. अशा वेळीं बादलीनें पाणी उंचावरून ओतून खळबळावें आणि मासे कमी करावे.

खाद्य दिवसांतून एकदां, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें. पोळीचे तुकडे, भात व चुरमुरे पाण्यांत कुजतात. वडील मंडळींस एक नम्र विनंति अशी कीं, हौद म्हणजे गंगा नव्हे. त्यांत निर्माल्य, हळदकुंकू अथवा अभिषेकाचें दूध सोडूं नये. पेलाभर दूध नासतांना लहान कुंडांतला पुष्कळसा प्राणवायु खातें. निर्माल्य झाडांच्या बुंध्याशीं घालावें, म्हणजे त्याचेंहि सार्थक होतें.

मासे कोणते निवडावे? सोनेरी मासा चीनमधला. तो लहान दिसतो म्हणून घेतात, परंतु चांगला वाढल्यास वीतभर होतो. वर सांगितलेल्या हौदांत सहांहून अधिक ठेवूं नयेत. जपानचा रंगीत कोई त्याहूनहि पुष्कळ मोठा होतो. मनूच्या माशाप्रमाणें तो लौकरच हौदास पुरून उरतो. डांसांसाठीं आपल्याकडे आरोग्यखात्यांतून गप्पी मासे मिळतात. हा मासा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतला. मूळचा अमेरिकेचा गॅम्बूसिया मासाहि याच कामासाठीं १९२८ सालीं इटलीहून हिंदुस्थानांत आणला गेला. गप्पीची मादी अंडीं न घालतां जिवंत पिलें देते, आणि तीं महिन्या-महिन्यास येत राहतात. आपल्या देशीं माशांतहि डांसांचे शत्रु आहेत. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला, पृष्ठभागाशीं राहणारा ॲप्लोकायलस हा कोंकणांतल्या पऱ्ह्यांचा व भातखाचरांचा जुना रहिवासी. चपळ डॅनिओहि अळ्या खातो.

येथें एक चूक कबूल करणें आम्हांस भाग आहे. कोंकणांतील आमच्या घरामागें एक दगडी हौद आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं त्यांत मूठभर गप्पी मासे सोडले. डांस कमी झाले, घरांतलीं मुलें रमलीं, आणि वर्षभरांत मूठभरांचे शेंकडों झाले. हौद धुण्याची वेळ आली तेव्हां दोन बादल्या भरून मासे शिल्लक राहिले. आमच्या आत्याबाई जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुक्या जिवांना मारूं नका रे. पऱ्ह्यांत सोडा, पुण्य लागेल." आम्हांसहि तें पटलें. पऱ्ह्यांत बादल्या ओतल्या आणि जीवदान केल्याच्या समाधानांत घरीं आलों.

तीन वर्षांनीं पुतण्यास घेऊन त्याच पऱ्ह्यावर गेलों. आमच्या लहानपणीं थांबलेल्या पाण्यांत चांदीच्या ठिपक्याचे मासे ताऱ्यांसारखे दिसत. ते त्यास दाखवावयाचे होते. एका डबक्यांत पाहिलें, दुसऱ्यांत पाहिलें, तिसऱ्यांत पाहिलें. तिन्हींत गप्पीच गप्पी. पुतण्यानें विचारलें, "काका, ठिपक्याचे कुठले?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पऱ्ह्याला इतरहि उपद्रव झाले आहेत. वरचीं झाडें तुटलीं, साबणाचें पाणी येऊं लागलें. म्हणून सगळा दोष त्या दोन बादल्यांवर घालणें शास्त्रशुद्ध होणार नाहीं. परंतु बादल्या ओतणारे हात आमचे होते.

परका मासा ओढ्यांत गेला म्हणजे तो केवळ डांसांच्या अळ्या खात नाहीं; देशीं माशांचीं अंडीं व पिलेंहि खातो आणि त्यांच्या अन्नांत वांटेकरी होतो. गॅम्बूसियाची गणना तर जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांत झालेली आहे. सह्याद्रीच्या नद्या-ओढ्यांतल्या माशांपैकीं निम्म्याहून अधिक जाती पृथ्वीवर अन्यत्र कोठेंच नाहींत. येथून त्या गेल्या म्हणजे कायमच्या गेल्या. उलट बाजूहि ध्यानांत ठेवावी. केरळ व कर्नाटकाच्या डोंगरी ओढ्यांतला एक सुंदर तांबड्या पट्ट्याचा मासा शोभेच्या व्यापारासाठीं इतका पकडला गेला कीं, आज तो संकटग्रस्त गणला जातो. २०१३ सालीं त्याच्या प्रजातीस 'सह्याद्रिया' असें नांव मिळालें. तेव्हां देशी मासा घ्यावयाचा तो हौदांत वाढविलेला घ्यावा, ओढ्यांतून उपसून आणूं नये.

यावरून तीन नियम आम्हीं स्वतःस घालून घेतले आहेत. हौदाच्या वरच्या कडेखालीं चार बोटें पाणी जाण्याची वाट ठेवून तिला बारीक जाळी लावली आहे, म्हणजे आषाढांत हौद भरून वाहिला तरी मासे पाण्याबरोबर ओढ्यास जात नाहींत. मुसळधार पावसांत ती जाळी रोज साफ करावी लागते. दुसरा, गप्पींपैकीं केवळ नर ठेवले आहेत. ते लहान पण अधिक रंगीत असतात, त्यामुळें ओळखण्यास कठीण जात नाहीं. नर मादीहून थोड्या अळ्या खातात, परंतु संख्या वाढत नाहीं. तिसरा, शिल्लक मासे शेजाऱ्यांच्या बंदिस्त हौदांत द्यावयाचे किंवा जेथून आणले तेथें परत करावयाचे. नदी, ओढा, विहीर अथवा देवळाचें तळें यांत कदापि सोडावयाचे नाहींत.

आणखी एक सूचना सर्वांत महत्त्वाची. घरांत लहान मूल असेल तर हौदावर लोखंडी जाळी बसविल्याखेरीज पाणी भरूंच नये. रांगत्या मुलास वीतभर पाणीहि घातक होतें. त्याच जाळीनें खंड्या, बगळा व मांजर यांपासून माशांचेंहि रक्षण होतें.

आत्याबाईंची भूतदया खोटी नव्हती. तिला पऱ्ह्याची माहिती नव्हती इतकेंच. मनूनें आपला मासा समुद्रांत नेला, कारण तो समुद्राचाच होता. आपल्या हौदांतल्या पाहुण्यांचें घर आपल्या ओढ्यांत नाहीं. त्यांना आणलें आपण, तेव्हां शेवटपर्यंत सांभाळणेंहि आपल्याकडेच आलें. एवढें पत्करण्याची तयारी असेल त्यानें या पावसापूर्वीं अवश्य हौद बांधावा. कुमुदाचे कंद केव्हां व कसे लावावे हें पुढील अंकीं सांगूं.